पेशंटजवळ गेल्यावर नेमकं बघायचं काय? (जीएनएम दुसरं वर्ष, सर्जिकल वॉर्ड)

खानापूरची_पोर
सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज बेळगावात. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता पुस्तकं सगळी इंग्लिश, वर्गात मॅडम कन्नड-इंग्लिश मिसळून शिकवतात, वॉर्डात निम्मे पेशंट कन्नड बोलणारे निम्मे मराठी, आणि माझ्या डोक्यात विचार येतो तो मराठीतच. असेसमेंटचा, म्हणजे पेशंट तपासायचा, धडा पाठ आहे, परीक्षेत विचारलं तर दोन पानं लिहीन. पण खऱ्या माणसाजवळ जाऊन उभी राहिले की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही, मग थर्मामीटर लावते, बीपी घेते, चार्ट भरते आणि पुढच्या बेडला जाते.

गेल्या गुरुवारी काय झालं ते सांगते. तेरा नंबरच्या बेडवर एक काकू होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर मी श्वास २० लिहिला. मोजला नव्हता. वरच्या सगळ्या ओळींत २०, २०, २० होतं म्हणून मीपण २० लिहिला. तासाभरानं मॅडम राउंडला आल्या, चार्ट बघितल्या, काकूंकडे बघितल्या आणि तिथंच उभं राहून घड्याळ लावून मोजल्या. ३४. संध्याकाळी काकूंना आयसीयूत हलवलं, न्यूमोनिया झाला होता. आता बऱ्या आहेत, कालच परत वॉर्डात आल्या. पण मला झोप लागत नाही. माझी समजूत घालू नका, शिकवा. पेशंटजवळ गेल्यावर तुम्ही लोक आधी काय बघता, कसं बघता, ते सांगा.

तिसरं_वर्ष_जीएनएम
सोमवार, रात्री १०.४१

अगं माझ्याकडून पण झालंय हे. चाळीस पेशंट, दोन स्टुडंट, आणि साडेसहाच्या आत चार्ट पुरे पाहिजेत. मी पण वाचायला बसलेय इथं.

वॉर्डातली_अक्का
मंगळवार, सकाळी ८.०५

नाईट करून आत्ताच घरी आले, चहा ठेवलाय, तोवर लिहिते. बाळा, तू हे इथं लिहिलंस ते चांगलं केलंस. मी सर्जिकल वॉर्डात सव्वीस वर्षं काढली, तर पहिलं श्वासाचंच सांगते कारण चार्टवर सगळ्यात जास्त खोटं तिथंच लिहिलं जातं. टेंपरेचर थर्मामीटर सांगतो, बीपी मशीन सांगतं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बोटाला चिमटा लावला की दिसतं. श्वास मात्र आपल्यालाच उभं राहून मोजावा लागतो, पूर्ण एक मिनिट, आणि तेवढं एक मिनिट कुणाजवळ नसतं. आणि आजार बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो हाच आकडा. बीपी, सॅच्युरेशन तासन्तास चांगलं दिसू शकतं कारण शरीर आतून धडपडून ते टिकवत असतं, ती धडपड बाहेर दिसते ती श्वासात.

कसा मोजायचा ते सांगते. "तुमचा श्वास मोजते" असं पेशंटला कधी सांगायचं नाही, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. आधी मनगट धरून नाडी मोज. नाडी झाली की हात तसाच ठेव, नजर छातीकडे ने आणि श्वास मोज, त्याला वाटतं अजून नाडीच चाललीय. आपल्याकडच्या बायका पदर घेऊन, वरनं चादर, कधी शाल पांघरून झोपतात, छाती हललेली दिसत नाही. मग तिचाच हात तिच्या पोटावर अलगद ठेवायचा, मनगट धरलेला आपला हात तिथंच, आणि हात वर गेला की एक. मोठ्या माणसाचं १२ ते २० नॉर्मल. २४-२५ दिसलं की पुन्हा एकदा मोजायचं आणि मग इन्चार्जला सांगायचं, चार्टवर लिहून गप्प बसायचं नाही.

तुझ्या काकूंचं काय झालं असणार ते पण समजून घे. पोटाच्या वरच्या भागात ऑपरेशन झालं की खोल श्वास घेतला की दुखतं, म्हणून माणूस वरवरचे छोटे श्वास घेतो, दुखतं म्हणून खोकत नाही, कफ खाली साठतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिथं इन्फेक्शन धरतं. म्हणून दुखणं किती आहे हे विचारणं आणि टाक्यांवर उशी दाबून धरून खोकायला शिकवणं ही पण असेसमेंटच्या मागोमाग येणारी आपलीच कामं. चहा उतू जायलाय, दुपारी उठून पुढचं लिहिते.

वॉर्डातली_अक्का
मंगळवार, दुपारी ३.३०

हां. आता सुरुवात कुठून करायची. दारातून. वॉर्डात शिरल्यावर पहिल्या बेडला जाण्याआधी अर्धं मिनिट दारात थांब आणि सगळ्यांकडे बघ. कोण आडवा पडून बोलतोय, कोण कॉटच्या कडेला दोन्ही हात टेकून खांदे वर काढून बसलाय, कुणाचा जेवणाचा डबा तसाच बंद आहे, कुणाची मुलगी तुझ्याकडेच बघत उभी आहे. हात टेकून बसलेल्याला धाप आहे, त्याच्याकडे आधी जा, बेड नंबर एकपासून जायचं असा काही नियम नाही.

मग जवळ गेल्यावर यंत्र काढायच्या आधी बोल. नाव विचार, रात्री झोप लागली का विचार. एवढ्यानं तीन गोष्टी कळतात, श्वासाची वाट मोकळी आहे, मेंदूला रक्त पोचतंय, आणि एका दमात वाक्य पुरं होतंय का. "रात्री... झोप... कुठली... सिस्टर" असं तुटक बोलणारा माणूस आजारी आहे, सॅच्युरेशन ९७ दिसलं तरी. मग हातात हात घे. गरम कोरडा आहे का गार आणि घामेजलेला. नख पाच सेकंद दाबून सोड, रंग दोन सेकंदात परत आला पाहिजे. खालची पापणी ओढून बघ, आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका कितीतरी, आणि हे ध्यानात ठेव की हिमोग्लोबिन ५ असलं तरी चिमट्यावर सॅच्युरेशन ९९ दिसू शकतं, कारण जे थोडं रक्त आहे ते ऑक्सिजननं भरलेलं आहे. सावळ्या माणसाची निळी पडलेली त्वचा दिसत नाही, ओठाच्या आत आणि जिभेवर बघायचं. यानंतर आकडे. सगळं मिळून चार मिनिटांत होतं गं, सवय झाली की तीन.

पोट तपासायचं असेल तर क्रम बदलतो, हे पुस्तकात आहे पण हात विसरतो. बाकी शरीराला बघणं, चाचपणं, ठोकणं, ऐकणं. पोटाला बघणं, मग ऐकणं, मग ठोकणं, आणि चाचपणं शेवटी. आधी दाबलंस तर आतड्यांचा आवाज बदलतो. आणि जिथं दुखतंय तिथं हात सगळ्यात शेवटी, नाहीतर पेशंट पोट आवळून धरतो आणि पुढचं काही कळत नाही.

आता एक जुनी गोष्ट, मी नवीन लागले होते तेव्हाची. गर्भाशय काढलेली बाई ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आली. ड्रेसिंग कोरडं, बीपी ११०/७०, नाडी १०४. मी लिहिलं आणि पुढं गेले. आमच्या तेव्हाच्या इन्चार्ज सिस्टर आल्या, काही न बोलता बाईच्या कमरेखाली हात सरकवला आणि बाहेर काढला तर तळवा लाल. रक्त पुढं दिसतच नव्हतं, उताराला लागून पाठीखाली साठत होतं, वरून कापूस कोरडा आणि खाली गादी भिजलेली. तरण्या माणसाचं साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत बीपी पडत नाही, तोवर नाडी वाढत जाते, वरचं आणि खालचं बीपी एकमेकांजवळ यायला लागतं आणि पेशंट उगीच बेचैन होतो, "मला उठवा, मला कसंतरी व्हायलंय" म्हणतो. ती नाडी १०४ मला तेव्हाच सांगत होती. तेव्हापासून ओटीतून आलेल्या प्रत्येक पेशंटच्या पाठीखाली माझा हात जातो. पहिला तास दर १५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं, मग तासानं.

निपाणीकर_ब्रदर
मंगळवार, सायंकाळी ७.१२

अक्कांनी सगळं सांगितलंच आहे, मी मेडिकल वॉर्डाचं एक सांगतो. आमच्या भागात तंबाखू आणि बिडीचं काम, त्यात चुलीचा धूर, त्यामुळं जुनी फुप्फुसं खराब झालेले पेशंट भरपूर येतात. अशा पेशंटचं सॅच्युरेशन ८९ दिसलं की नवीन पोरं घाबरून ऑक्सिजनचा नॉब पूर्ण फिरवतात. सीओपीडीच्या, म्हणजे अशा जुनाट फुप्फुसविकाराच्या, पेशंटला ८८ ते ९२ हेच टार्गेट असतं. जास्त ऑक्सिजन दिला तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो, आणि चिमट्यावर ९९ दिसतंय म्हणून सगळे निवांत असतात, नातेवाईक म्हणतात "आता कसे गाढ झोपले बघा". ती झोप नसते. त्याला हाक मारून उठवून बघायचं, श्वास मोजायचा आणि डॉक्टरला बोलवायचं. मास्क आपल्या मनानं काढून पण टाकायचा नाही. केस पेपरवर टार्गेट किती लिहिलंय ते आधी बघायचं, लिहिलेलं नसलं तर विचारून लिहून घ्यायचं.

अथणी_आयसीयू
मंगळवार, रात्री ९.५०

अक्का, तुमचा मान ठेवून थोडं वेगळं बोलते. नजर पाहिजेच, पण सव्वीस वर्षांची नजर दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कुठून येणार? तिला "वेगळं वाटतंय" एवढंच वाटणार, आणि ते ती फोनवर डॉक्टरला सांगू शकणार नाही. तिच्या हातात आकडा द्या. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१२ मध्ये न्यूज स्कोर काढला, २०१७ मध्ये सुधारला, तो शिकायला एक संध्याकाळ लागते. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध, ताप, या प्रत्येकाला ठरलेले मार्क. श्वास २१ ते २४ ला २ मार्क, २५ आणि त्याच्या पुढं ३. एकूण ५ झाले की लगेच डॉक्टरनी बघायचं, ७ झाले की इमर्जन्सी. एकाच गोष्टीला ३ आले तरी सांगायचं.

त्या काकूंचा स्कोर त्या दिवशी काढला असता तर नुसत्या श्वासालाच ३ होते. थोडी नाडी आणि थोडा ताप धरला तर पाच कधीच झाले असते.

वॉर्डातली_अक्का
मंगळवार, रात्री १०.१५

बरोबर आहे तुझं, मान्य. मला ते शिकवलं नव्हतं म्हणून माझ्या तोंडात येत नाही. पण आकडा खरा मोजलेला पाहिजे, ३४ च्या जागी २० लिहून स्कोर काढला तर तो पण शून्यच येईल. आणि एका दिवशी चाळीस जणांचं सगळं होत नसेल तर हे चौघं आधी: आज ओटीतून आलेला, आज नवीन ॲडमिट झालेला, काल रात्रीच्या हँडओव्हरमध्ये ज्याचं नाव आलं तो, आणि ज्याचा नातेवाईक म्हणतो "सिस्टर, हे आज नेहमीसारखे नाहीत" तो.

खानापूरची_पोर
बुधवार, सकाळी ६.३०

सगळं वहीत उतरवून घेतलं. आज दारात थांबून बघितले. सात नंबरचे आजोबा हात टेकून बसलेले मला पहिल्यांदाच दिसले, रोज तसेच बसत असणार.

पण अक्का, "आधी बोल" म्हणालात, तिथंच माझं अडतं. कन्नड मला बाजारात चालण्याइतकं येतं. दुखणं कसलं आहे, कधीपासून आहे, हे विचारताना शब्द सापडत नाहीत आणि पेशंट नुसती मान हलवतात.

हिरण्यकेशी
बुधवार, दुपारी १.०५

मी हुक्केरीकडची, घरात कन्नड, शाळा मराठी, त्यामुळं दोन्हीकडची आहे. थोडे शब्द देते, पुस्तकी कन्नड नाही, आपल्या भागात बोलतात ते. दुखण्याला "ब्यानी", पोटदुखीला "होट्टी ब्यानी". छाती "एदी". जळजळ "उरी". चक्कर येते म्हणजे "तली तिरगतैती". किती दिवस झाले, "एष्ट दिना आतु?" लघवीला "ओंदक्क" म्हणतात, सरळ शब्द वापरला तर म्हाताऱ्या बायका लाजून गप्प होतात. "ओंदक्क होगुवाग उरी आगतैतेन?" एवढं विचारलं की सगळं सांगतील. आणि फक्त हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारू नकोस, मान हलवणं म्हणजे कळलं असं नसतं, बऱ्याचदा ते तुला बरं वाटावं म्हणून असतं. "बोट ठेवून दाखवा" म्हण, बोट खोटं बोलत नाही. एक बोट ठेवलं तर एक, आणि छातीवर सगळी मूठ ठेवली तर वेगळं, ते हृदयाचं असू शकतं, तिथं पळायचं.

मराठी पेशंटचं पण सोपं समजू नको हां. "पित्त झालंय", "गॅस धरलाय", "वात आलाय" हे आपल्याकडे कशालाही म्हणतात. "अंगात कसर आहे" म्हणजे बारीक ताप. "उन्हाळी लागली" म्हणजे लघवीला जळजळ. कळ, ठणका, चमक, सळक, मुरडा, आग, टोचणं, हे वेगवेगळे आहेत, पेशंट जो शब्द बोलला तोच कोट करून लिही, तू त्याचं भाषांतर करू नको.

आणि ते दुखण्याचं शून्य ते दहा स्केल म्हाताऱ्यांना कळत नाही, दहापैकी किती म्हटलं की "तुमीच सांगा की" म्हणतात. मी आण्यात विचारते. "अज्जी, रुपयातलं किती आणे दुखतंय?" लगेच सांगतात, बारा आणे. इंजेक्शननंतर तासानं परत विचारते, "आता चार आणे हाय बघ." सोळा आण्यांचं स्केल आहे, चार्टवर लिहिताना दहाच्या हिशोबात बदलायचं, बारा आणे म्हणजे सात-आठ.

अथणी_आयसीयू
बुधवार, दुपारी २.२०

हे आण्याचं फार आवडलं, आजपासून वापरणार.

भाषेवरून एक सांगते. ग्लासगो कोमा स्केल (पेशंटची शुद्ध मोजायचा) आपण रोज भरतो, टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या न्यूरोसर्जननी १९७४ मध्ये काढलेला, डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण ३ ते १५. बोलण्याचे ५ मार्क मिळायला पेशंटनं नाव, जागा, महिना नीट सांगावा लागतो. आमच्याकडे तिलारीच्या बाजूचे एक आजोबा आले होते, डोक्याला मार. ड्युटीवरची मुलगी कन्नडमधून विचारत होती, आजोबा मालवणीत उत्तर देत होते, तिनं "असंबद्ध शब्द" म्हणून ३ दिले. पुढच्या शिफ्टला मी मराठीतून विचारलं, आजोबांनी गाव, तालुका, बैलाचं नाव सगळं सांगितलं. ५. दोन्ही स्कोर चार्टवर एकाखाली एक. बघणाऱ्याला वाटणार पेशंट सुधारला, सुधारलं काहीच नव्हतं. उलटं झालं असतं तर? खरंच बिघडलेला असता आणि आम्ही म्हटलं असतं त्याला कन्नड येत नाही म्हणून गप्प आहे. पेशंट कुठल्या भाषेत बोलतो हे ॲडमिशनच्या वेळीच केस पेपरच्या वरती लिहायचं, आम्ही आता लिहितो.

सीमावासी
बुधवार, दुपारी ३.००

हे सगळं होतंय कारण इथं मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागदच मिळत नाही, इतकी वर्षं झाली...

हिरण्यकेशी
बुधवार, दुपारी ३.१०

दादा, त्याच्यासाठी दुसरे धागे आहेत, मी पण तिथं येऊन बोलते. इथं ही पोरगी उद्या सकाळी सातला ड्युटीवर जाणार आहे, तिला शिकू दे.

शहापूरकर
बुधवार, रात्री ८.४५

मी नर्स नाही, पेशंटचा मुलगा म्हणून लिहितोय. गेल्या वर्षी आईला पायाच्या जखमेसाठी एका दवाखान्यात ठेवलं होतं, नाव घेत नाही. आई पंधरा वर्षं शुगरची पेशंट. पहाटे तीनच्या सुमारास ती काहीबाही बोलायला लागली, मला ओळखेना, सलाइन ओढायला लागली. मी दोनदा जाऊन सांगितलं. वय झालंय, रात्री असं होतं, हात बांधून ठेवा असं उत्तर मिळालं. तिथं एक शिकाऊ मुलगी होती, ती मागून आली, आईच्या कपाळाला हात लावला, म्हणाली "काका, घाम किती आलाय, अंग गार आहे", आणि स्वतः जाऊन ग्लुकोमीटर घेऊन आली. शुगर ३८. सिस्टरला हाक मारली, शिरेतून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत आईनं मला नावानं हाक मारली. संध्याकाळी जेवली नव्हती पण इन्सुलिन दिलं गेलं होतं.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही मुली हे सगळं शिकताय बघून बरं वाटलं.

निपाणीकर_ब्रदर
बुधवार, रात्री ९.३०

शहापूरकर दादा, तिनं बरोबर केलं. खानापूरकर ताई, लिहून ठेवा, कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज बरळतोय तर ते म्हातारपण नाही, तोवर नाही जोवर शुगर, सॅच्युरेशन, बीपी, ताप आणि लघवी हे पाच बघितलेलं नाही. लघवी तुंबली तरी म्हातारी माणसं बरळतात. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर, गिळता येतंय तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतूनच.

चंदगडी_डॉक्टर
गुरुवार, रात्री ११.१०

धागा सगळा वाचला, छान चाललाय. डॉक्टरच्या बाजूनं तीन गोष्टी.

पहिली, पित्ताची. वर आलंच आहे. पन्नाशीचा माणूस, शुगर असलेला, "पित्त झालंय, घाम फुटलाय, मळमळतंय" म्हणत आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी. बायकांना आणि शुगरच्या पेशंटना हार्ट ॲटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसती धाप आणि गळाल्यासारखं होतं.

दुसरी, फोनची. रात्री दोनला "सर, पेशंट बरा वाटत नाही, या" असा फोन आला की मला काही कळत नाही, आणि मी अर्धवट झोपेत "बघू सकाळी" म्हणतो, ती चूक माझी, पण तू मला ते म्हणूच देऊ नको. असं बोल: "सर, मी स्टुडंट नर्स, सर्जिकल वॉर्ड, सिस्टरना विचारून फोन करतेय. तेरा नंबर, काल पित्ताशयाचं ऑपरेशन. सकाळी श्वास १८ होता, आता ३४. नाडी ११८, ताप १०१, सॅच्युरेशन ९२. वाक्य पुरं बोलता येत नाही. मला छातीचं काहीतरी वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन लावू का?" अर्धं मिनिट लागतं. आधी काय होतं आणि आता काय आहे, हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर पांघरुणात राहत नाही.

तिसरी, आपल्या भागाची, साप. खानापूर, चंदगड सगळी डोंगर-जंगलपट्टी, खाली अथणी-चिकोडीकडे ऊस. नाग, घोणस, फुरसं चावलं की सूज किंवा रक्त दिसतं, माणूस लगेच येतो. मण्यार फसवते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूण पण नीट दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि पोटदुखीच्या वॉर्डात येऊन पडतो. रात्री जमिनीवर झोपला होता आणि पहाटेपासून पोट दुखतंय, एवढं ऐकलं की पापण्यांकडे बघ. वर बघायला सांग, पापणी जड होऊन खाली येतीय का. मान उचलता येते का. एका दमात एक, दोन, तीन मोजायला लाव आणि कितीपर्यंत पोचला ते लिही, अर्ध्या तासानं परत. आधी २५ आणि मग १४ म्हणजे श्वासाचे स्नायू सुटायलेत, त्याला व्हेंटिलेटर लागू शकतो, सॅच्युरेशन पडायची वाट बघायची नाही.

रक्त गोठतंय का बघायची २० मिनिटांची टेस्ट नर्सच लावते बहुतेक ठिकाणी. शिरेतलं ताजं रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी. प्लास्टिक नको, साबणानं धुतलेली नको. वीस मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठत नाहीये, घोणस-फुरशाचं विष. मध्येच उचलून उचलून बघितलं की टेस्ट फुकट जाते. आणि पेशंट पायाला दोरी घट्ट आवळून आला असेल तर ती फटकन सोडायची नाही, सलाइन, औषध आणि डॉक्टर हजर असताना सोडायची.

तिसरं_वर्ष_जीएनएम
शुक्रवार, सकाळी ७.००

सर, ऑर्थोबद्दल (हाडांच्या वॉर्डाबद्दल) पण सांगा ना, आमची पुढची पोस्टिंग ऑर्थो आहे.

चंदगडी_डॉक्टर
शुक्रवार, रात्री १०.००

थोडक्यात सांगतो. प्लास्टर किंवा स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातलेल्या पायात फ्रॅक्चरच्या मानानं जास्त दुखत असेल, इंजेक्शन देऊनही कमी होत नसेल, आणि तू बोट हळूच ताणलंस की पेशंट ओरडत असेल, तर आत स्नायूंभोवती दाब वाढलाय. बोटं गरम आहेत, नाडी लागतीय म्हणून निर्धास्त होऊ नको, नाडी जाते ती शेवटी, तोवर स्नायू मेलेला असतो. काही तासांचाच खेळ असतो. पाय उशीवर फार उंच चढवायचा नाही, हृदयाच्या पातळीला ठेवायचा, आणि लगेच फोन.

खानापूरची_पोर
पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ११.३५

उशिरा लिहिते, आमची पण ऑर्थो पोस्टिंग लागली सोमवारपासून. आज इव्हिनिंग होती. उसाच्या ट्रॉलीचा अपघात झालेला एकवीस वर्षांचा मुलगा, डाव्या नडगीचं हाड मोडलेलं, सकाळी स्लॅब घातलेला. कन्नड बोलणारा. दारातून बघितले तेव्हा सगळे पेशंट मोबाइल बघत होते आणि हा एकटा कॉटचा दांडा धरून पडला होता. मी विचारले, "एष्ट ब्यानी ऐती?" त्याला आणे कळेनात, मग शंभर रुपयांतले किती म्हणून विचारले, म्हणाला "नूर". सहाला इंजेक्शन दिलं होतं, सात वाजता परत शंभरच. बोटं गरम होती, नख दाबून सोडलं की रंग लगेच येत होता. सर म्हणाले होते तसं अंगठा हळूच वर केला तर तो किंचाळला. अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये हात लावला तर कळत नाही म्हणाला.

सिस्टरना सांगितले, त्या लगेच आल्या, स्वतः बघितल्या, आणि डॉक्टरना फोन लावून मला दिल्या, "तूच सांग" म्हणून. आवाज थरथरत होता पण आधीचं आणि आताचं दोन्ही सांगितले. डॉक्टर पंधरा मिनिटांत आले, बँडेज आणि आतला कापूस कापून सोडवला, तरी कमी झालं नाही, साडेआठला ओटीत घेतलं. पाय वाचेल म्हणाले.

आणि बाहेर पडताना त्याची आई माझा हात धरून काहीतरी बोलली, भराभर, मला निम्मंच कळलं.

वॉर्डातली_अक्का
गुरुवार, रात्री ११.५०

वाचून डोळ्यात पाणी आलं बाळा. आता सांग, नोंद काय लिहिलीस? जशी आहे तशी टाक इथं.

खानापूरची_पोर
गुरुवार, रात्री ११.५८

इंग्लिशमध्ये लिहिली, मराठीत सांगते. "सायं. ७.००. पेशंट म्हणतो डाव्या पायात 'शंभरात शंभर' दुखते. ६.०० ला इंजेक्शन दिले, फरक नाही. बोटे गरम, रंग २ सेकंदांच्या आत परत. अंगठा ताणल्यावर तीव्र वेदना. पहिल्या दोन बोटांमध्ये स्पर्श कळत नाही. पेशंट खूप बेचैन. ७.०५ ला इन्चार्ज सिस्टर, ७.१० ला डॉक्टरांना कळवले. ७.२५ ला डॉक्टर आले."

वॉर्डातली_अक्का
शुक्रवार, रात्री १२.०४

चांगली आहे. फक्त "खूप बेचैन" काढ, त्याच्या जागी "कॉटचा दांडा धरून पडलेला" लिहायचं होतंस, तू दारातून जे बघितलंस तेच. आता लिहिलेलं खोडायचं नाही, उद्या सिस्टरना विचारून खाली वेळ घालून नवीन ओळ जोड. आणि नाडी, श्वास?

खानापूरची_पोर
शुक्रवार, रात्री १२.०७

नाडी ११२. श्वास २६, पूर्ण मिनिट मोजलेला. वरच्या चार्टवर आहे.